कॉलेजच्या रिसायकलिंगच्या डब्यात पुन्हा पुन्हा कचरा मिसळतोय? दोष कुठे शोधायचा आणि कसा काढायचा

लक्षण बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. डबे आणले, रंग ठरले, फलक लागले, नव्या विद्यार्थ्यांना माहितीही दिली. पहिले काही आठवडे बरं चालतं. मग बाटल्यांच्या डब्यात खरकटं दिसू लागतं, कागदाच्या डब्यात अर्धवट प्यायलेले कप येतात. माल नेणारा एकदा-दोनदा तक्रार करतो आणि एके दिवशी अख्खी खेप नाकारतो. त्यावर पुन्हा पोस्टर, पुन्हा व्याख्यान, आणि महिन्याभरात गाडी मूळपदावर.

याचं कारण असं की, दोष विद्यार्थ्यांच्या अज्ञानात आहे असं धरून उपाय केला जातो. अज्ञान थोडंफार असतंच, पण कचरा टाकणारा माणूस डब्यासमोर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबत नाही. त्या दोन-तीन सेकंदांत योग्य गोष्ट सोपी आणि चुकीची गोष्ट अवघड व्हावी, अशी मांडणी नसेल तर कितीही माहिती दिली तरी ती तिथे उपयोगी पडत नाही. म्हणून मांडणी तपासायची. तीही पुढच्या क्रमाने, कारण आधीची पायरी चुकलेली असेल तर नंतरच्या दुरुस्त्या फुकट जातात.

आधी डबे उपडे करून बघा

अंदाजाने उपाय ठरवू नका. वर्गाच्या मजल्यावरचे, कँटीनचे, वाचनालयाचे आणि वसतिगृहाचे असे प्रत्येकी तीन-चार डबे निवडा. एका नेहमीच्या कामाच्या दिवसाचा, चोवीस तासांचा माल पिशवीसकट बाजूला ठेवा आणि प्रत्येक पिशवीवर जागा व तारीख लिहा. मोकळ्या, हवेशीर जागी ताडपत्री अंथरा. जाड हातमोजे, मास्क, चिमटा आणि स्प्रिंगकाटा एवढी साधनं पुरतात. पिशवीत हात घालायचा नाही. ती ताडपत्रीवर ओतायची आणि चिमट्याने वेगळं करायचं, कारण आत फुटकी काच किंवा सुई असू शकते.

ढीग असे करा: बाटल्या व (पेयांचे, खाण्याचे) डबे, कोरडा कागद व पुठ्ठा, ओला किंवा तेलकट कागद, अन्न, द्रव (बादलीत ओतून), पातळ प्लास्टिक आणि पाकिटं, बाकी सगळं. चुकीच्या मालाचं वजन भागिले एकूण वजन गुणिले शंभर, ही मिसळीची टक्केवारी. १२ किलोच्या पिशवीत ३ किलो चुकीचं निघालं तर २५ टक्के. फक्त वजनावर मात्र विसंबू नका. द्रव जड असल्यामुळे आकडा फुगतो आणि वेफर्सची पाकिटं हलकी असल्यामुळे दिसतच नाहीत, म्हणून नगही मोजा.

हे एकदा केलं की दोष बहुधा डोळ्यांसमोर येतो. एका इमारतीत अडचण फक्त द्रवाची असते, दुसरीत कपांची, तर तिसरीत डब्यातला माल चांगला असतो आणि मिसळ नंतर होते. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

स्वीकारयादी माल घेणाऱ्याकडून घ्या, पाकिटावरून नाही

प्लास्टिकवरच्या त्रिकोणातला आकडा बघून डबा ठरवणं ही फार पसरलेली चूक आहे. तीन बाणांचं चिन्ह १९७० साली गॅरी अँडरसन या विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी काढलं. १ ते ७ हे आकडे मात्र १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने आणले, ते वस्तू कोणत्या प्लास्टिकची आहे हे ओळखता यावं म्हणून. ती वस्तू रिसायकल होईलच असं आकडा सांगत नाही. हाच गोंधळ कमी व्हावा म्हणून २०१३ साली त्या आकड्यांच्या मानकात बाणांच्या जागी साधा भरीव त्रिकोण आला, पण जुने साचे अजूनही वापरात आहेत.

म्हणून माल घेणाऱ्या केंद्राला किंवा खरेदीदाराला लेखी विचारा, त्याची उत्तरं हीच आपली स्वीकारयादी: कोणत्या बाटल्या चालतात, झाकण लावून की काढून, चेपून की न चेपता, कागद आणि पुठ्ठा एकत्र चालतो का, काच घेता का, किती टक्के मिसळ झाली की खेप परत जाते. चेपण्याचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण जिथे यंत्रावर वर्गीकरण होतं तिथे पूर्ण सपाट झालेली बाटली सरकत्या पट्ट्यावर कागदासारखी पुढे सरकू शकते आणि चुकीच्या ढिगात जाते. हाताने वेगळं करणाऱ्याला उलट चेपलेला माल सोयीचा, कारण जागा वाचते. उत्तर ठिकाणागणिक बदलतं, त्यामुळे दुसऱ्या कॉलेजची यादी उचलून लावू नका.

झाकणाचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी ते बाटलीला लावलेलं चालतं. बाटली ज्या प्लास्टिकची असते ते पेट (PET) पाण्यापेक्षा जड, घनता सुमारे १.३८ (पाण्याची १); झाकणाचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीई, पाण्यापेक्षा हलकं. तुकडे करून पाण्यात टाकले की बाटली बुडते आणि झाकण तरंगतं. सुटं झाकण मात्र लहान असल्यामुळे चाळणीतून गळून जातं.

डब्याची जागा आणि तोंड

नियम एकच, पण तो कुठेही मोडू देऊ नका: रिसायकलिंगचा डबा एकटा ठेवायचा नाही. त्याला खेटून साध्या कचऱ्याचा डबा हवाच. एकटा असलेला कोणताही डबा लोकांच्या लेखी कचऱ्याचाच डबा होतो. दोघांत पाच-सहा मीटरचं अंतर असलं तरी जवळचा डबा जिंकतो. कॅम्पस फिरून एकटे डबे शोधा. पाण्याच्या कूलरशेजारी, लिफ्टसमोर, जिन्याच्या वळणावर ते हमखास सापडतात. एकतर जोडी पूर्ण करा, नाहीतर डबा उचला.

प्रत्येक वर्गात डबा ठेवण्यापेक्षा दर मजल्यावर एक-दोन पूर्ण ठाणी, म्हणजे सगळे डबे शेजारी-शेजारी असलेल्या जागा, केलेली बरी. वर्गातला डबा लहान असतो, त्याला जोडीदार नसतो आणि त्यात सगळं जातं. ठाण्यावर डब्यांचा क्रम सगळ्या इमारतींत एकसारखा ठेवा. डावीकडून द्रव, बाटल्या व डबे, कागद, अन्न, बाकी कचरा असा क्रम ठरला तर तोच सगळीकडे. रंग त्या-त्या ठिकाणच्या नियमांप्रमाणे घ्या, पण एकाच आवारात दोन पद्धती नकोत.

आता तोंड. उघड्या तोंडाच्या डब्यात काहीही पडतं. बाटल्यांच्या डब्याला साधारण १२ सेंटिमीटर व्यासाचं गोल भोक, कागदाच्या डब्याला ५ ते ७ सेंटिमीटर उंचीची आडवी फट, आणि फक्त बाकी कचऱ्याला मोठं तोंड. विद्यापीठाच्या इमारतीत केलेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी खास आकाराची झाकणं लावल्यावर पेयांच्या बाटल्या-डब्यांचं रिसायकलिंग ३४ टक्क्यांनी वाढलं आणि चुकीचा माल ९५ टक्क्यांनी घटला. आमच्या मते पैसे एकाच गोष्टीवर खर्च करता येणार असतील तर ते झाकणांवर करावेत, पोस्टरवर नाही.

या मांडणीत एक उणीव राहते. १२ सेंटिमीटरच्या भोकातून कागदी कपही सहज आत जातो. म्हणून कपांसाठी शेजारी उभी नळी लावा, कपाच्या तोंडापेक्षा सेंटिमीटरभर रुंद. कप एकात एक बसतात, जागा फार कमी लागते आणि बाटल्यांचा डबा वाचतो. ती नळी कुठे रिकामी करायची हे स्वीकारयादी सांगेल. कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, तो वेगळा करण्याची सोय सगळ्या कागद गिरण्यांत नसते.

द्रव: सगळ्यात मोठा गुन्हेगार

ताडपत्रीवर हे स्पष्ट दिसतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाव भाग पेय उरलं तर ते सव्वाशे मिलिलिटर होतं. अशा दहा बाटल्या म्हणजे सव्वा लिटर, साधारण सव्वा किलो गोड पाणी. झाकणं सैल असतात, पिशवी उचलताना ती आडवी होते, आणि ते पाणी वरून खाली झिरपत तळाच्या कागदापर्यंत पोचतं. पुठ्ठा आधी गडद होतो, मग त्याचे पदर सुटतात. बंद पिशवीत ऊब असेल तर दोन-तीन दिवसांत त्यावर बुरशीचे ठिपके येतात. असा कागद गिरणीला नको असतो, कारण लगद्याला लागणारे तंतू आधीच कमजोर झालेले असतात. दहा जणांच्या निष्काळजीपणाने शंभर जणांनी नीट टाकलेला माल असा वाया जातो, आणि नीट टाकणाऱ्यांना ते कधी कळतही नाही. याची खरोखर हळहळ वाटायला हवी.

उपाय स्वस्त आहे. कँटीनच्या दारात आणि मोठ्या ठाण्यांवर १० ते १५ लिटरची झाकणाची बादली ठेवा. झाकणाला भोक पाडून त्यात रुंद नरसाळं, नरसाळ्यात स्टीलची जाळी. बादलीचं तोंड जमिनीपासून ६० ते ७५ सेंटिमीटरवर येईल असं स्टँड करा. वाकावं लागलं तर लोक ओतत नाहीत. बादली क्रमात सगळ्यात आधी हवी, कारण बाटली एकदा डब्यात गेली की कोणी परत काढत नाही. १५ लिटरची बादली गच्च भरली तर १५ किलोच्या वर जाते, म्हणून दोन-तृतीयांश भरताच रिकामी करायची. पाणी सांडपाण्याच्या नळीत ओता, पावसाच्या पाण्याच्या गटारात नाही. जाळी रोज धुतली नाही तर चिलटं येतात आणि आठवड्याभरात कोणीतरी बादलीच हलवून टाकतं. ही जबाबदारी एका नेमक्या माणसाच्या कामाच्या यादीत लिहिलेली हवी.

बाटली चकचकीत धुवायची गरज नाही. रिकामी आणि निथळलेली पुरते. दह्याचा, चटणीचा असा चिकट डबा असेल तर एकदा विसळून घ्यावा.

डब्यामागे काय होतं ते तपासा

समोर सगळं चोख असूनही खेप नाकारली जात असेल तर मिसळ मागच्या वाटेवर होते आहे. खात्री करण्याची सोपी युक्ती: सकाळी तीन इमारतींतल्या रिसायकलिंगच्या पिशव्यांना रंगीत फीत बांधा आणि संध्याकाळी साठवणीच्या खोलीत जाऊन त्या फिती शोधा. फीत कचऱ्याच्या ढिगात सापडली तर कारण कळलं.

यात सफाई कर्मचाऱ्यांना दोष देणं चुकीचं आणि अन्यायाचंही आहे. ढकलगाडीला एकच पिशवी, लिफ्ट एकच, मजले पाच, वेळ दीड तास. अशा वेळी दोन पिशव्या एकत्र होणारच. गाडीला दोन कप्पे द्या, किंवा बाटल्या-कागद एका वेळी आणि कचरा दुसऱ्या वेळी उचला. रिसायकलिंगला पारदर्शक पिशव्या आणि कचऱ्याला काळ्या, म्हणजे गाठ न सोडताही आतला माल दिसतो आणि पिशवी चुकीच्या जागी गेली तर लगेच लक्षात येतं. साठवणीच्या खोलीत जमिनीवर रंगाने आखलेले चौकोन ठेवा. रिकामी जागा दिसली की तिथे काहीही येऊन पडतं.

आणि एक अधिकार त्यांना लेखी द्या. पारदर्शक पिशवीत वरवर पाहता पाव भागाहून जास्त चुकीचा माल दिसला तर ती पिशवी कचऱ्यात टाकायची आणि त्या डब्याचा क्रमांक वहीत लिहायचा. ओला माल हाताने निवडत बसायला त्यांना सांगू नका. पंधरा दिवसांनी वही बघितली की तेच-ते तीन-चार डबे वर येतात. दुरुस्ती तिथेच करायची, सगळ्या आवारात नाही.

डबा भरून वाहणं हेही याच साखळीतलं. ६० लिटरच्या डब्यात अर्ध्या लिटरच्या न चेपलेल्या बाटल्या जेमतेम साठ-सत्तर मावतात. मधल्या सुट्टीत तो भरला की पुढची प्रत्येक बाटली शेजारच्या डब्यात जाते. दिवसातून एकदा उचलण्याचं वेळापत्रक असेल तर सुट्टीनंतरची एक फेरी वाढवा. डबा मोठा करण्यापेक्षा हे बरं.

फसवणाऱ्या वस्तू

कागद: स्टेपलची पिन चालते, गिरणीत ती चाळणी आणि चुंबकाने निघते. स्पायरल आणि प्लास्टिकचं कव्हर मात्र काढायचं. लॅमिनेट केलेला कागद नको. शंका आली तर कोपरा फाडा. फाटलेल्या कडेला पातळ पापुद्रा ताणला गेला तर आत प्लास्टिक आहे. पावतीचा गुळगुळीत कागद नखाने ओरखडा, गडद रेघ उठली तर तो थर्मल कागद, त्याला कागदाच्या डब्यात जागा नाही. टिश्यूपेपरचे तंतू आखूड, शिवाय तो बहुधा ओलाच असतो. श्रेडरचं कातरण सुटं टाकलं तर चाळणीतून गळतं, म्हणून कागदी पिशवीत भरून, तेही विचारूनच. खाद्यपदार्थाच्या खोक्याचा तेलकट तळ कापून बाकीचं कोरडं झाकण पुठ्ठ्यात टाकता येतं. तेल लगद्याच्या पाण्यात मिसळत नाही, ते तंतूंना चिकटतं आणि नव्या कागदावर डाग पडतात.

पाकिटं: चकचकीत पाकीट मुठीत चुरगाळून सोडा. परत उलगडलं तर ते धातूचा मुलामा दिलेलं प्लास्टिक, चुरगळलेलंच राहिलं तर अॅल्युमिनियमची फॉइल. पहिलं बहुतेक केंद्रं घेत नाहीत. दुसरं स्वच्छ असेल तर मुठीएवढा गोळा करून घेतात.

काळे ट्रे: अनेक काळ्या प्लास्टिकमध्ये काजळीचा रंग असतो आणि तो वर्गीकरण यंत्रातला अवरक्त प्रकाश शोषून घेतो. यंत्राला वस्तू दिसतच नाही. कँटीनने पारदर्शक किंवा पांढरे ट्रे घेतले की प्रश्न मिटतो.

'कंपोस्टेबल' लिहिलेले पारदर्शक ग्लास: हे बहुधा पीएलए या वनस्पतीजन्य प्लास्टिकचे असतात, दिसायला थेट पेटसारखे. पेटच्या मालात गेले तर तो बिघडवतात, आणि साध्या खतखड्ड्यातही लवकर कुजत नाहीत, कारण त्यांना ६० अंश सेल्सियसच्या आसपास टिकणारी उष्णता लागते. तशी सोय नसेल तर ते विकतच घेऊ नका. पीव्हीसी या दुसऱ्या प्लास्टिकचंही तसंच. पेट २५० ते २६० अंशांना वितळतं, पीव्हीसी त्याआधीच विघटित होऊन हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सोडतं आणि सगळा माल पिवळट, ठिसूळ होतो. थोडंसं पीव्हीसीही पुरतं.

खरं तर अर्धे प्रश्न खरेदीच्या टेबलावर सुटतात. ज्या वस्तूसाठी आपल्याकडे डबा नाही ती कँटीनच्या करारात येऊच नये, आणि पुरवठादाराने कप किंवा ट्रे बदलला तर फलकावरचं चित्र त्याच आठवड्यात बदलावं. फलकावर चार ते सहा वस्तूंचे फोटो, तेही आपल्याच कँटीनमध्ये मिळणाऱ्या वस्तूंचे. शब्दांच्या लांब याद्या कोणी वाचत नाही.

प्रयोगशाळा आणि बॅटऱ्या

प्रयोगशाळेतली काच बाटल्यांच्या काचेत टाकू नका. चंचुपात्रं, परीक्षानळ्या बोरोसिलिकेट या उष्णता सोसणाऱ्या काचेच्या असतात. त्या साध्या काचेपेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला मऊ होतात, त्यामुळे भट्टीत त्यांचे न वितळलेले खडे राहतात आणि नवी बाटली तिथे तडकते. रसायनांच्या बाटल्या, हातमोजे, सुया यांची वाट प्रयोगशाळेच्या नियमांप्रमाणेच, कितीही विसळल्या तरी आवारातल्या ठाण्यावर नाही.

लिथियम बॅटऱ्या, पॉवरबँक, इअरबड यांसाठी वेगळी पेटी अत्यावश्यक आहे. कचरागाडीत माल दाबला जातो, बॅटरी चेपते, आत शॉर्ट होतो आणि आग लागते. विझली असं वाटूनही ती पुन्हा पेटू शकते. टोकांवर चिकटपट्टी लावून प्लास्टिकच्या कोरड्या पेटीत ठेवा. फुगलेली बॅटरी या पेटीत नको. ती कोरड्या वाळूत, ज्वलनशील वस्तूंपासून दूर, मोकळ्या हवेत ठेवून त्याच दिवशी संबंधितांना कळवा. ही पेटी वर्दळीच्या ठाण्यावर न ठेवता कोणाच्या तरी नजरेसमोर, कार्यालयात किंवा वाचनालयाच्या काउंटरवर ठेवा.

दुरुस्तीनंतर पुन्हा बिघडतं तेव्हा

एका वेळी एकच बदल करा आणि दोन-तीन आठवड्यांनी तेच डबे, आठवड्याच्या त्याच वारी, पुन्हा ताडपत्रीवर ओता. झाकण, बादली आणि फलक एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

आकडा पुन्हा चढण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत. वर्षाच्या सुरुवातीला नवे विद्यार्थी येतात, तेव्हा पहिले दहा दिवस मधल्या सुट्टीत कँटीनच्या ठाण्याशी एकेक स्वयंसेवक उभा करा. हातातली वस्तू बघून तिथल्या तिथे सांगितलेलं लक्षात राहतं. सफाईचं कंत्राट बदलतं, तेव्हा नव्या पर्यवेक्षकासोबत पिशवी डब्यापासून साठवणीच्या खोलीपर्यंत एकदा चालत न्या. स्नेहसंमेलनासारख्या कार्यक्रमाला तात्पुरते डबे लागतात. तेही जोडीनेच, झाकणासकट, आणि स्टॉलवाल्यांना कोणते कप-ताटल्या चालतील ते आठवडाभर आधी सांगून. वसतिगृह रिकामं होताना गाद्या, कपडे, वह्या, तारा एकदम बाहेर येतात. त्यांची गोळा करण्याची जागा शेवटच्या पेपरच्या आधी तयार नसेल तर सगळं बाटल्यांच्या डब्याभोवती रचलं जातं, आणि त्या आठवड्याची खेप जवळजवळ नक्की नाकारली जाते.

आकडा कुठल्याच उपायाने हलत नसेल तर फितीची चाचणी पुन्हा करा, आणि या वेळी फिती सकाळऐवजी संध्याकाळच्या पिशव्यांना बांधा. सकाळची आणि संध्याकाळची पाळी वेगळी असते, आणि अनेकदा मिसळ फक्त एकाच पाळीत होत असते.